कारभार उघडा ठेवायचा तर: कार्यालयं आणि सेवाभावी संस्थांसाठी वेब व समाजमाध्यमांची कामाची पद्धत

एखादं कार्यालय बैठकीचे फोटो न चुकता टाकतं, पण बैठकीत ठरलं काय, ते कुठेच सापडत नाही. एखादी संस्था वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ फेसबुकवर लावते, आणि आतला जमाखर्च मात्र तिरका स्कॅन केलेला असतो. त्यात शब्द शोधता येत नाही, आकड्यांची बेरीजही करता येत नाही. दोन्हीकडे मेहनत भरपूर होते, तरी सामान्य माणसाच्या हाती काही लागत नाही. लोकांना दोन गोष्टी लागतात: पुन्हा शोधला तर सापडेल असा कागद, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर. पुढची पद्धत याच दोन गोष्टींसाठी आहे. दोन-तीन माणसांच्या कार्यालयाला किंवा संस्थेला ती झेपावी, असा हिशोब ठेवला आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून

"सगळी माहिती खुली करू" असं ठरवून बसलेली कामं बहुतेक वेळा पहिल्या तिमाहीतच थांबतात. त्याऐवजी मागच्या तीन महिन्यांतली पत्रं, फोनच्या नोंदी, ईमेल आणि कमेंट समोर घ्या. प्रत्येकातला प्रश्न एका ओळीत उतरवा आणि सारखे प्रश्न एकत्र करून मोजा. तेच दहा-बारा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील: माझ्या अर्जाचं काय झालं, हे काम कुणाला दिलं, देणगीतला पैसा कुठे गेला.

त्यातला एक निवडा. निवडताना तीन कसोट्या लावा. त्याची नोंद आत कुठेतरी आधीपासून ठेवली जात असली पाहिजे. ती महिन्यातून एकदा तरी बदलत असली पाहिजे. आणि ती नोंद अमुक एका माणसाच्या जबाबदारीची असली पाहिजे. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, कारण ज्या तक्त्याला धनी नाही तो दोन महिन्यांत शिळा होतो. शिळा तक्ता नसण्याहून वाईट, कारण लोक त्यावर विसंबून निर्णय घेतात. पुढे उदाहरण म्हणून दुरुस्तीच्या कामांची यादी घेऊ. संस्थेने तिच्या जागी देणगीचा विनियोग किंवा लाभार्थ्यांना दिलेल्या साहित्याची यादी धरावी.

आधी स्वतःचं पान

१८ फेब्रुवारी २०२१ ला ऑस्ट्रेलियात फेसबुकने बातम्यांच्या प्रस्तावित कायद्याच्या वादातून बातम्या दाखवणं बंद केलं. त्या झपाट्यात हवामान विभाग, राज्यांची आरोग्य खाती आणि कितीतरी सेवाभावी संस्था यांची पानंही रिकामी दिसू लागली. त्यांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये ट्विटरने आपोआप पोस्ट करण्याच्या सोयीवर शुल्क लावलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रो आणि बससेवेने तिथे वेळापत्रकाच्या सूचना देणं काही दिवस थांबवलं होतं. कंपनीची जागा ही कंपनीचीच असते. म्हणून मूळ माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवा आणि समाजमाध्यमावरून तिकडे माणूस आणा.

डोमेनचं नाव, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता, संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या नावावर घ्या, ते करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नावावर नको. नोंदणीचा ईमेलही पदाचा ठेवा, व्यक्तीचा नको. माणूस सोडून गेला, नूतनीकरणाचं स्मरणपत्र त्याच्या बंद पडलेल्या खात्यावर गेलं आणि नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं, हा प्रकार सर्रास घडतो. नूतनीकरण एकदम काही वर्षांचं करा.

फाइलचं आणि पानाच्या पत्त्याचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. ही सूचना वाचून वाईट वाटेल, पण कारण तांत्रिक आहे. पत्ता कॉपी केला की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. मात्राही वेगळं चिन्ह म्हणून मोजली जाते. दहा अक्षरांच्या नावाची अशी लांबलचक माळ होते आणि संदेशात ती मध्येच तुटते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. "अंतिम", "नवीन अंतिम" अशी नावं टाळा.

तक्ता: बहुतेक चुका इथे होतात

डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबॅस्टोपोल इथे तीसेक कार्यकर्ते आणि तंत्रज्ञ जमले आणि त्यांनी खुल्या सरकारी माहितीची आठ तत्त्वं लिहिली. माहिती पूर्ण असावी, मूळ स्वरूपातली असावी, वेळेवर मिळावी, यंत्राला वाचता यावी, वगैरे. यातलं "यंत्राला वाचता यावी" हे सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. छापील कागदासाठी आखलेला तक्ता डोळ्यांना शोभतो, पण संगणकाला कळत नाही.

कार्यालयीन तक्त्यात नेहमी दिसणारी एक ओळ पाहा. एकाच खान्यात लिहिलेलं असतं: "नळदुरुस्ती (२ ठिकाणी), अंदाजे ४५ हजार, मार्चअखेर, काम प्रगतीपथावर". वाचायला सोपं आहे, पण यातून "मार्चमध्ये एकूण किती खर्च झाला" हे काढता येत नाही. हीच नोंद फोडून लिहा. दोन ठिकाणं आहेत म्हणून दोन ओळी होतील. प्रत्येक ओळीला न बदलणारा काम-क्रमांक द्या. मग रकाने असे: कामाचा प्रकार, ठिकाण, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, सुरू झाल्याची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख, स्थिती, नोंद शेवटची बदलल्याची तारीख. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च वेगळे ठेवण्याचा आग्रह धरा. नंतरचे निम्मे वाद त्या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

नियम थोडे आहेत, पण कडक पाळावे लागतात. मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले, सेल नकोत. मध्ये उपशीर्षकाच्या ओळी नकोत आणि शेवटी "एकूण" नको, कारण कुणी पुन्हा बेरीज केली की ती दुप्पट येते. रंगाने अर्थ सांगू नका. लाल खाना म्हणजे रखडलेलं काम, हे सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) जाताच पुसलं जातं. त्यासाठी "स्थिती" हा रकाना आहे, आणि त्यात चार-पाच ठरलेलेच शब्द वापरा. "पूर्ण", "पूर्ण झाले" आणि "झाले" हे संगणकाला तीन वेगळे प्रकार वाटतात. एकक रकान्याच्या शीर्षकात लिहा, खान्यात फक्त आकडा ठेवा. आणि शून्य व रिकामं यांतला फरक जपा. शून्य म्हणजे खर्च झाला नाही, रिकामं म्हणजे माहिती आलेली नाही.

तारीख २०२४-०३-३१ अशा क्रमाने लिहा. ०३/०४ हे कुणाला तीन एप्रिल वाटतं, कुणाला चार मार्च. एक्सेल तर "३-४" असा काम-क्रमांक दिसला की त्याची तारीखच करून टाकतं आणि क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही खातं. म्हणून क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार आधी "टेक्स्ट" करा आणि मगच आकडे भरा. नंतर प्रकार बदलून हरवलेली शून्यं परत येत नाहीत.

प्रसिद्ध करण्यासाठी सीएसव्ही घ्या, सोबत एक्सेलची फाइलही ठेवा. एक्सेलमधून साठवताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच प्रकार निवडा. यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत आहे. साधा "सीएसव्ही" निवडला तर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि फाइल बंद केल्यावर मूळ मजकूर त्यातून परत मिळत नाही. उलट प्रकारही होतो: गूगल शीट्समधून उतरवलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की अक्षरांचा चिखल दिसतो. तेव्हा घाबरू नका, फाइल शाबूत आहे. एक्सेलच्या "डेटा" टॅबमधून ती आयात करा आणि सांकेतिकीकरण ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. हीच कृती वाचकांसाठी पानावर दोन ओळींत लिहून ठेवा, फोन कमी येतील. यूनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र आधी यूनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो, नाहीतर शोधयंत्राला तो निरर्थक अक्षरांचा दिसतो.

एक्सेल फाइलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये याच मर्यादेमुळे कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले होते. फाइल हलवल्यावर ओळींची संख्या आधी आणि नंतर मोजून जुळवणं, हे दोन मिनिटांचं काम कधीही सोडू नका.

प्रसिद्ध करण्याआधीची चाळणी

इथे घाई केलेली परवडत नाही. खुलेपणा कारभाराचा असतो. अर्ज करणाऱ्याचं आजारपण, पत्ता किंवा फोन क्रमांक हा कारभार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस सेवेने माहिती मागणाऱ्या एका अर्जाला उत्तर म्हणून स्प्रेडशीट दिली. तिच्यात एक लपवलेली शीट राहून गेली होती. तिच्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुका होत्या, आणि ती काही तास सर्वांना खुली राहिली. ज्या ठिकाणी पोलिसांना आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवावी लागते, तिथे ही चूक जिवावर बेतणारी होती. धडा सरळ आहे: काम करायची फाइल कधीही प्रसिद्ध करू नका. नवी कोरी फाइल उघडा आणि लागणारे रकानेच "फक्त मूल्ये" या पर्यायाने चिकटवा. लपलेल्या शीट, पिव्होट तक्त्यामागचा साठा, कमेंट आणि सूत्रं असं सगळं जुन्या फाइलमध्येच मागे राहतं. सीएसव्हीत तर एकच शीट मावते, हा तिचा आणखी एक फायदा.

नाव काढून क्रमांक घातला म्हणजे ओळख लपली, असंही समजू नका. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची नोंद २०१४ मध्ये अशीच बाहेर आली. टॅक्सीचे क्रमांक एका गणिती सूत्राने बदललेले होते. पण टॅक्सी क्रमांकांचे साचे मोजकेच असतात. एका तंत्रज्ञाने शक्य असलेले सगळे क्रमांक त्याच सूत्रातून काढून जुळवले आणि मूळ क्रमांक थोड्याच वेळात उघडे पडले. क्रमांक हवाच असेल तर तो मूळ क्रमांकापासून तयार न करता स्वतंत्रपणे, यादृच्छिक द्या.

लहान आकडेही बोलतात. एखाद्या वस्तीत एका योजनेचे लाभार्थी दोनच असतील, तर ते कोण हे शेजाऱ्यांना लगेच कळतं. पाचपेक्षा कमी संख्या असेल तिथे "५ पेक्षा कमी" असं लिहा. पण बेरीज दिलेली असेल तर वजाबाकीने तो आकडा काढता येतो, म्हणून त्या गटातला आणखी एक आकडा झाकावा लागतो. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर कॉपी होतो. मजकूर खरोखर काढून टाका आणि नंतर तिथे कॉपी-पेस्ट करून खात्री करा. फोटो थेट संकेतस्थळावर किंवा ईमेलने जाणार असेल तर त्यातलं जीपीएस स्थान आधी पुसा. निवारागृह चालवणाऱ्या संस्थेला हे वेगळं सांगायला नको.

चाळणी लावणारा आणि तक्ता बनवणारा ही दोन वेगळी माणसं असावीत. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही.

पानावर काय असावं

वर एका वाक्यात उत्तर: आजवर किती कामं मंजूर, किती पूर्ण, किती रखडली. खाली तक्ता, त्याखाली फाइल, मग प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी एकेक ओळ. शेवटचा बदल कधी झाला आणि पुढचा कधी होणार, या दोन तारखा ठळक. आणि परवाना, म्हणजे ही माहिती इतरांनी कशी वापरावी याची लेखी परवानगी. परवाना लिहिला नाही तर काळजीपूर्वक काम करणारा पत्रकार किंवा अभ्यासक ती माहिती वापरायला कचरतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार, मोफत परवान्यांपैकी सीसी बाय ४.० पुरेसा आहे: श्रेय द्या आणि वापरा. "व्यावसायिक वापरास मनाई" ही अट जोडायचा मोह होतो, पण तिच्यामुळे विकिपीडिया आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) यांना तुमचं काम घेता येत नाही.

सूचना चित्राच्या रूपात टाकायची सवय मोडा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला चित्रातला मजकूर ऐकू येईलच असं नाही, आणि शोधयंत्रालाही तो नीट मिळत नाही. चित्र हवंच असेल तर तोच मजकूर खाली लिहा आणि चित्राला पर्यायी वर्णन द्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला गडद-फिकेपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा. मोफत तपासणी साधनं हे गुणोत्तर लगेच सांगतात. पान तयार झालं की इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती ठेवणारा मोफत साठा) त्याची प्रत जतन करा. पुढे कुणी "तेव्हा हा आकडा वेगळा होता" म्हणालं, तर पुरावा तिसऱ्याच्या घरी असतो आणि त्याने तुमचंही रक्षण होतं.

मग पोस्ट

आता पोस्ट लिहिणं सोपं आहे, कारण सांगायला काहीतरी आहे. एक नमुना:

"३१ मार्चपर्यंतच्या दुरुस्ती कामांची यादी अद्ययावत केली आहे. मंजूर ४२, पूर्ण २९, रखडलेली ६. रखडण्याचं कारण प्रत्येक कामापुढे दिलं आहे. तुमच्या भागातलं काम यादीत नसेल तर काम-ठिकाण लिहून खाली कळवा, पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ. पूर्ण यादी:" आणि लिंक.

यात तारीख आहे, आकडा आहे, अडचण लपवलेली नाही आणि वाचणाऱ्याने काय करायचं तेही आहे. "रखडलेली ६" लिहायला वरिष्ठ तयार होत नाहीत, पण विश्वास बसतो तो याच आकड्यामुळे. म्हणून त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो, म्हणून लाभार्थ्यांचा किंवा तक्रारदारांचा ग्रुप करू नका. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. "पाठवलं पण मिळालं नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. एकतर्फी सूचनांसाठी चॅनेल बरं, तिथे वाचणारे एकमेकांना दिसत नाहीत. संदेश पुढे पुढे जाताना मूळ संदर्भ गळतो, म्हणून प्रत्येक संदेशाच्या आत तारीख, कार्यालयाचं नाव आणि लिंक असू द्या. दोन वर्षांपूर्वीची पाणीबंदीची सूचना आज फिरून घबराट उडते, ती तारीख नसल्यामुळे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी एसएमएस. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. संदेश लांबला की भाग पडतात आणि प्रत्येक भागात ६७ च उरतात. खर्च भागांवर लागतो. म्हणून आधी ७० मध्ये बसवून पाहा.

ईमेलची वार्तापत्रं जुनी वाटतात, पण कुठल्याही कंपनीच्या मर्जीबाहेर वाचकाशी नातं ठेवणारं तेवढंच साधन आहे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर करून घ्या. ईमेल खरोखर तुमच्याकडूनच आला, हे त्यांवरून पटतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशोबात दिवसाला ५,००० किंवा जास्त) ईमेल पाठवणाऱ्यांकडून त्या मागतातच. नसतील तर पत्रं स्पॅममध्ये जातात किंवा परत येतात. नाव काढून घेण्याचा दुवा एका क्लिकचा ठेवा.

उत्तरं: खरं काम इथून पुढे

ब्रिटनमधल्या मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट सुरू केलं. नकाशावर खूण करा, प्रकार निवडा, फोटो जोडा, तक्रार त्या भागाच्या परिषदेकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, जाते. इथवर कुणीही करील. त्या साधनाची खरी ताकद दोन गोष्टींत आहे. तक्रार सर्वांना दिसते, म्हणून तीच तक्रार दहा जण पुन्हा करत नाहीत. आणि चार आठवड्यांनी तक्रारदाराला विचारलं जातं: काम झालं का? म्हणजे "निकाली" हा शिक्का फक्त कार्यालयाच्या नोंदीने ठरत नाही, त्यात तक्रारदाराचं उत्तरही धरलं जातं.

हे साधन न वापरताही ही शिस्त लावता येते. एक प्रश्नवही करा, साधी स्प्रेडशीट चालेल: क्रमांक, आल्याची तारीख, कुठून आला, प्रश्न, कुणाकडे दिला, उत्तराची तारीख, उत्तर पानावर घातलं का. कमेंट, ईमेल, फोन, समक्ष आलेला माणूस, सगळे याच वहीत. शेवटचा रकाना विसरू नका. तीन जणांनी तेच विचारलं की उत्तर पानावर गेलंच पाहिजे.

उत्तर लिहिताना "संबंधित विभागास कळविले आहे" इथे थांबू नका. "आपली तक्रार क्र. ११८ पाणी विभागाकडे ४ तारखेला दिली. ते ८ तारखेपर्यंत पाहणी करतील. ९ तारखेला इथेच कळवतो." आणि ९ तारखेला काही झालं नसलं तरी "पाहणी झाली नाही, नवी तारीख १२" असं लिहा. उत्तर उघड द्या, पण माणसाचा अर्ज, आजार किंवा रक्कम चर्चेत आली की खासगी संदेशात बोलवा. तुम्ही स्वतः त्याचा तपशील उघड्यावर लिहू नका, त्याने लिहिला असला तरी.

कमेंट काढण्याचे नियम आधी लिहून पानावर लावा: धमकी, दुसऱ्याची खासगी माहिती, जाहिरात, शिवीगाळ. "टीका" त्यात नाही. काढलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट आणि कारण जपून ठेवा. सरकारी अधिकाऱ्याने टीकाकाराला ब्लॉक करणं हा साधा शिष्टाचाराचा विषय नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असं ब्लॉक करणं सरकारी कृती केव्हा ठरतं, याचे निकष घालून दिले. म्हणून व्यक्तिगत खातं आणि पदाचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

चूक झाली तर पोस्ट गुपचूप पुसू नका. मूळ पोस्टखाली दुरुस्ती लिहा, पानावर "दुरुस्त्या" असा भाग ठेवून आधी काय होतं, आता काय आहे आणि कधी बदललं ते नोंदवा.

निर्णयाआधी मतं मागवायची असतील तर कमेंटच्या रांगेवर विसंबू नका, तिथे मोठा आवाज जिंकतो. पोल.इस (Pol.is) नावाचं मतं गोळा करण्याचं खुलं साधन आहे. त्यात लोक छोट्या विधानांवर सहमत, असहमत किंवा "सोडून द्या" असं मत देतात. एकमेकांना उलट उत्तर द्यायची सोयच नसते, त्यामुळे भांडण पेटत नाही आणि वेगवेगळ्या गटांना मान्य असलेली विधानं वर येतात. तैवानमध्ये २०१५ साली उबरसंबंधीच्या नियमांसाठी ते वापरलं गेलं. मात्र मतं मागवण्याआधी त्यांचं काय होणार ते लिहा. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलं की पुढच्या वेळी कुणी येत नाही.

किल्ल्या आणि मोजमाप

प्रत्येक खात्याला दोन तरी ॲडमिन, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू, आणि तिचे राखीव कोड कागदावर कुलुपात. एकच पासवर्ड सगळ्यांनी वाटून घेण्यापेक्षा पासवर्ड मॅनेजर वापरा. माणूस बदलला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढा.

लाइक आणि फॉलोअर मोजून यातलं काही कळत नाही. प्रश्नवहीवरून तीन आकडे काढा: उत्तराला लागलेले सरासरी दिवस, मुदत उलटलेले प्रश्न, आणि पानावर उत्तर असूनही विचारले गेलेले प्रश्न. तिसरा आकडा वाढला तर लोक आळशी आहेत असं समजू नका. ज्या वाक्यावर ते अडतात ते शोधा, ज्याने प्रश्न विचारला त्यालाच पान दाखवा, त्याचं बोट कुठे थांबतं ते पाहा आणि ते वाक्य त्याच्या शब्दांत पुन्हा लिहा.